खिडकीच्या गजावरची पट्टी

"काय बोलले मी? परत सांग." एवढं विचारल्याशिवाय आमच्या सिस्टर कुणाला जागचं हलू देत नसत. सलाईन आणायला सांगितलं तरी तेच, चहा मागवला तरी तेच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, आणि त्यांची पाठ वळली की नकलाही केल्या असतील. त्या कामात मी आघाडीवर होतो.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. तुर्भ्याजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी केसपेपर लिहायचो आणि सिस्टर तिथल्या कॅज्युअल्टीच्या इनचार्ज होत्या. माहेर खाडीकाठच्या गावातलं. आल्या की आधी खिडकीच्या गजाला बांधलेली गॉजची पट्टी बघायच्या. कारखान्यांकडचा वारा असला की कपाळाला आठी पडायची.

"आमच्या गावात होडी लोटायच्या आदी वारा बगतात. इथं एवढ्या चिमन्या हायेत, पन बगत कोनीच नाय."

आम्ही त्या पट्टीला 'सिस्टरांची वेधशाळा' म्हणून हसायचो.

एका दुपारी घशाला झोंबणारा वास आला. पट्टी आमच्याच दिशेनं ताठ झाली होती. "खिडक्या लावा. खाडीकडचं दार उघडा," सिस्टर म्हणाल्या. तेवढ्यात टेम्पो आला. आत अकरा कामगार, खोकून बेजार, डोळ्यांतून धारा. कंपनीतली टाकी फुटली होती. टाकीत काय होतं, ते त्यांना घेऊन आलेला मुकादम काही केल्या सांगेना.

ड्यूटीवरचे नवे डॉक्टर गोंधळून गेले. सिस्टर हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, तुमी फक्त श्वास बगा. ज्याला जास्त धाप, तो आदी. काय बोलले मी?" डॉक्टरांनीही मुकाट्यानं परत सांगितलं. सिस्टरांनी वॉर्डबॉयला पाण्याचा पाइप दिला. कपडे दाराबाहेर उतरवायचे, अंगावर पाणी मारायचं, मगच आत. मला ऑक्सिजन आणि अँब्युलन्ससाठी फोनवर बसवलं.

"लागेपर्यंत फोन सोडायचा नाय. काय बोलले मी?"

"लागेपर्यंत फोन सोडायचा नाही." बोलताना माझा आवाज थाऱ्यावर आला. त्या विचारण्याचा उपयोग मला तेव्हा कळला.

दाराबाहेर कपड्यांचा ढीग वाढत होता आणि त्यातून वाफ निघत होती. ते उचलायचं काम सिस्टरांनी कुणालाच दिलं नव्हतं. तोंडाला नुसता कापडी मास्क लावून त्या स्वतःच कपडे कवेत भरभरून कुंपणापलीकडे टाकत होत्या. मला फोनपाशी बसून सगळं दिसत होतं. ओरडता आलं असतं. पण मला फोनचं काम दिलं होतं, आणि मी तेवढंच केलं. याची लाज मला अजून वाटते.

अकराही जण वाचले. संध्याकाळी सिस्टरांना खोकला लागला.

तिसऱ्या दिवशी त्या आमच्याच वॉर्डात ऑक्सिजनवर होत्या. मी कॉटजवळ गेलो. तिथं त्यांचीच नक्कल केली, पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर.

"सिस्टर, बरं होऊन ड्यूटीवर यायचं. काय बोललो मी?"

मास्कच्या आड त्या हसल्या. "बरं... होऊन..." पुढे दम पुरला नाही. त्यांनी बोटानं खिडकीकडे खूण केली. मी कॅज्युअल्टीत जाऊन पट्टी पाहिली आणि धावत परत आलो.

"वारा खाडीकडचा आहे, सिस्टर."

त्यांनी मान हलवली. 'ड्यूटीवर यायचं' हे उरलेले दोन शब्द मात्र त्यांनी शेवटपर्यंत परत सांगितले नाहीत.