मागच्या बाजूचं शील्ड

खजराना गणपतीला गेली की आत्या एक चप्पल एका हारवाल्याच्या दुकानासमोर काढायची आणि दुसरी रस्त्यापलीकडच्या नारळवाल्याकडे. मधलं अंतर तापलेल्या फरशीवरून लंगडत पार करायची. "चोर जोडी बघतो, बेटा. एक चप्पल नेऊन तो काय करणार?" दर्शन घेऊन आलो की दोन्ही चपला जागच्या जागी असायच्या. पण म्हणून तिचा माणसांवरचा विश्वास वाढला, असं कधी झालं नाही. आपली युक्ती लागू पडली, एवढंच ती धरून चालायची.

आत्या आता नाही. ही माझ्या बाबांची धाकटी बहीण, छत्रीबागेत राहायची आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. बाबा रेल्वेत, सारख्या बदल्या, म्हणून मला शाळेसाठी तिच्याकडे ठेवलं आणि मी पुढे नोकरीला लागले तरी तिथेच राहिले. तिच्या संशयाला सुटी नव्हती. पोहे ती कोपऱ्यावरच्या ठेल्यावरचे खायची, पण वर भुरभुरायचा जिरावण मसाला घरून डबीत न्यायची. ठेलेवाला बिचारा म्हणायचा, "मैडमजी, हमारा भी ताजा है." ही म्हणायची, "होगा भिया, मैंने कब मना किया," आणि आपलीच डबी उघडायची. शेजारच्या काकूंनी एकदा तिच्या साडीचं कौतुक केलं, तर संध्याकाळी मला म्हणाली, "साडी उसनी मागणार बघ." त्या काकूंनी साडी कधीच मागितली नाही. त्यावर आत्याचं उत्तर होतं, "मी चेहराच तसा केला ना."

आमच्या घरात तो अंतराळातला खेळ शिरला माझ्यामुळे, आणि आत्या त्यात शिरली संशयामुळे. मी ऑफिसचं काम घरून करायला लागले होते. काम संपलं की कानाला हेडफोन लावून तासभर खेळायची. आपलं जहाज घ्यायचं, या ग्रहावरचा माल त्या ग्रहावर पोचवायचा, वाटेत लुटारू आले तर लढायचं किंवा पळायचं, असा खेळ. सोबतच्या खेळाडूंशी बोलावं लागतं. आत्याला ऐकू यायचा फक्त माझा आवाज. हसत हसत कुणाला तरी, "अरे सांभाळ, मागे बघ," म्हणणारा.

"हा कोण?" तिनं विचारलं.

"टीममधला आहे गं."

"बाप काय करतो?"

"मला काय माहीत."

"नाव तरी खरं आहे का त्याचं?"

"आत्या, त्याचं नाव 'काला नाग' आहे."

एवढं ऐकल्यावर ती स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आली आणि माझ्या खांद्याशी बसली. रोज बसू लागली. पहारा करता करता तिला खेळ कळायला लागला, आणि एके दिवशी मला म्हणाली, "उठ. तुझ्यानं नाही होत." तेव्हापासून माझा जुना कॉम्प्युटर तिचा झाला.

उडवण्यात ती बेताचीच होती. तिचा हातखंडा होता तो शील्ड निवडण्यात. शील्ड म्हणजे जहाजाभोवतीची न दिसणारी ढाल. एक हलकं शील्ड मिळतं, ते पटकन फुटतं पण पटकन भरूनही येतं. दुसरं जाड, ते खूप मार खातं, पण एकदा फुटलं की भरायला युग लागतं, आणि त्याच्या वजनानं जहाज म्हशीसारखं चालतं. नवे खेळाडू सगळ्यात महागडं, सगळ्यात जाड शील्ड आणून छोट्याशा जहाजाला लावतात आणि मग हलता येत नाही म्हणून मरतात. भंवरकुआंच्या हॉस्टेलमधली, परीक्षेची तयारी करणारी काही मुलं आमच्या टीममध्ये होती. ती शील्ड घेण्याआधी आत्याला विचारायची, "आत्याजी, कौन-सी लगाऊँ?" आत्या उलट विचारायची, "पहले ये बता, तुझे मारेगा कौन?" कुठे चाललास, वाटेत कोण भेटणार, तुझ्याकडे लुटण्यासारखं काय आहे, हे सगळं वदवून घेतल्याशिवाय ती शील्डचं नाव काढायची नाही. शाळेत गणित सोडवून घ्यायची तशीच, पायरी पायरीनं.

तिच्या स्वतःच्या जहाजाचा मामला मात्र वेगळाच. शील्डची ताकद पुढे किती, मागे किती, हे आपण ठरवू शकतो, आणि सोबतच्यांना ते पडद्यावर दिसतं. लोक सारखी वाटतात, किंवा पुढे थोडी जास्त ठेवतात. आत्या सगळीच्या सगळी मागे लावायची. मी किती डोकं फोडलं. "अगं, समोरून एक गोळी लागली तरी फुटशील."

"क्या है कि, समोरून येतो तो दिसतो. दिसला की मी वळेन. मागचा दिसत नाही ना."

"मागे आपलीच टीम असते, आत्या."

"तेच तर म्हणतेय मी."

याच सुमारास निखिल आला. माझ्या ऑफिसातला, खेळायचाही आमच्याबरोबर, आणि आम्हाला लग्न करायचं होतं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुला तिनं वाढवलंय. ती हो म्हणाली की आमचं हो." ती नको म्हणाली तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. आत्याच्या मनाविरुद्ध मी मांडवात उभी राहिले नसते. तिचं मन वळेल, याचीही मला आशा नव्हती. निखिल पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यानं चहात साखर नको म्हटलं. तो गेल्यावर आत्या म्हणाली, "तिशीच्या आत साखर सोडलेला माणूस काहीतरी लपवतोय. मला तर डाउटच आहे."

हसू येतं, पण मला तेव्हा हसू येत नव्हतं, कारण हे कुठून येतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आत्याचं लग्न झालं होतं. आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात तशी रीतसर चौकशी आजोबांनी केली होती. मुलाच्या गल्लीत माणूस पाठवला, वाण्याला विचारलं, देवळातल्या गुरुजींना विचारलं. सगळे म्हणाले, लाखात एक मुलगा. लग्न होऊन ती उज्जैनला गेली आणि तिथे कळलं, की त्या लाखात एक मुलाचं दुसरं घर आहे, त्या घरात बाई आहे, मूलही आहे. आत्या ट्रंक घेऊन परत आली ती कायमची. पुढे बी.एड. केलं, नोकरी धरली, आणि त्या माणसाचं नाव पुन्हा घेतलं नाही.

म्हणून निखिलची चौकशी तिनं कुणावर सोपवली नाही. "वाण्याला विचारून काय मिळतं? पीठ उधार नेतो का, एवढंच त्याला माहीत. माणूस संकटात बघायचा." एका रविवारी दुपारी तिनं खेळात नव्या नावाचं खातं उघडलं, मालानं भरलेलं एक अवजड जहाज घेतलं आणि निखिलला हिंदीत लिहून विचारलं, भाई, नया हूँ, रास्ता खतरनाक है, साथ चलोगे? मला शेजारी बसवलं आणि माझा फोन स्वतःच्या मांडीखाली घेतला. तो बिचारा, "चलो," म्हणाला.

अर्ध्या वाटेवर लुटारू आले. निखिलचं जहाज नवंकोरं, वेगवान, हलक्या शील्डचं. पळाला असता तर कुणाच्या हाती लागला नसता. तो वळला. आत्याच्या जहाजासमोर येऊन उभा राहिला, त्याचं शील्ड फुटलं, भरलं, पुन्हा फुटलं, आणि जहाजाच्या ठिकऱ्या उडाल्या. तेवढ्यात आत्या निसटली. मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"जास्तच भला आहे," ती म्हणाली. "अनोळखी माणसासाठी कोणी आपलं जहाज घालवतं का? त्याला जेवायला बोलाव."

पुढच्या रविवारी तो जेवायला आला. आत्यानं पुऱ्या केल्या होत्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. त्यानं श्रीखंड खाल्लं, साखरेचा प्रश्न मिटला असं मला वाटलं. मग तिनं वाटी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "गेल्या रविवारी त्या मालवाल्या जहाजासाठी का थांबलास? मी होते ती."

निखिल माझ्याकडे बघायला लागला. मी डोळ्यांनी विनवलं, की बाबा, काहीतरी छान बोल. त्याचा घास तोंडातच होता. तो गिळून म्हणाला, "आत्या, मला माहीत होतं तुम्ही आहात."

"हिनं सांगितलं?"

"नाही. सगळं शील्ड मागे लावणारं दुसरं कोणी मी बघितलेलं नाही. पहिल्या वळणावरच कळलं. मला वाटलं, परीक्षा चालू आहे, तर पास व्हावं."

मी कपाळाला हात लावला. नाव बदललं, भाषा बदलली, भाई म्हणून लिहिलं, आणि या बाईला शील्ड काही पुढे घेववलं नाही. आणि हा पठ्ठ्या, जिंकलेला डाव स्वतःच्या हातानं उधळत होता.

"आणि मी नसते तर?" आत्यानं विचारलं.

निखिलनं हातातली पुरी ताटात ठेवली. "खरं सांगू? बहुतेक पळालो असतो. जहाज नवं होतं."

आत्या उठली. तिचा चेहरा वाचता येत नव्हता, आणि मला वाटलं, संपलं, आता ही याला पानावरून उठवणार. ती आतून गरम पुरी घेऊन आली, न विचारता त्याच्या ताटात वाढली, हात पुसले आणि बाबांना फोन लावला. "दादा, मुलगा पळपुटा आहे," ती म्हणाली. "पण खोटं नाही बोलत. तारीख काढ."

तो गेल्यावर मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. रडू आणि हसू एकदमच येत होतं. "आत्या, तो तर नापास झाला होता ना गं?"

ती पुऱ्यांचं तेल गाळत होती. "माझ्या लग्नात तिकडची पाचशे माणसं जेवली असतील," ती म्हणाली. "त्यातल्या निम्म्यांना ते दुसरं घर माहीत होतं, बोललं कोणी नाही. सगळी भली माणसं, बेटा. एकही असा पळपुटा निघाला नाही."