शेवटचं पान आधी

माझ्या आत्याला चित्रांचं पुस्तक सरळ उघडताना मी कधी पाहिलं नाही. नवं पुस्तक हातात आलं की ती ते पालथं करायची आणि शेवटचं पान आधी बघायची. कादंबरीच्या बाबतीत कुणी असं केलं तर आपण त्याला आगाऊ म्हणू. पण आत्याचा सगळा कारभार लहान मुलांच्या पुस्तकांचा, त्यातही आगगाडीच्या पुस्तकांचा. “पोराला गाडीत बसवायच्या आधी गाडी कुठे उतरवणार ते बघायला नको?” असं ती म्हणायची.

आमच्या गावच्या वाचनालयात मुलांचा विभाग तिच्याकडे होता. विभाग म्हणजे मागच्या बाजूची एक लांबट खोली. खाली सतरंजी, भिंतीला बुटकी कपाटं आणि तीन मोठ्या खिडक्या. खिडक्यांच्या पलीकडे रेल्वेचं आवार. मालगाडीचे डबे एकमेकांना जोडले गेले की इकडे काचा थरथरायच्या आणि पोरं हातातलं टाकून खिडकीला चिकटायची. मग पुस्तक हवं तर तेही गाडीचंच. हत्तीचं किंवा सशाचं पुढे केलं, तर तोंडं वाकडी व्हायची. आत्याला गावात ‘गाडीवाल्या बाई’ असंच नाव पडलं होतं. स्वतः ती फारशी कधी गाडीत बसली नाही, ही गोष्ट वेगळी.

पुस्तकं विकायला प्रकाशकांचा एक फिरता विक्रेता यायचा, भली मोठी बॅग घेऊन. येताना चांगला हसतखेळत यायचा आणि जाताना त्याचा चेहरा उतरलेला असायचा. आत्या आधी रुमालाचं टोक ओलं करून मुखपृष्ठावर घासायची. रंग सुटला की पुस्तक बाद, कारण पोरं पुस्तक आधी चाटतात आणि मग वाचतात. त्यानंतर ती प्रत्येक पानावरच्या गाडीचे डबे मोजायची. पहिल्या पानावर सहा आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर पाच असतील, तर उरलेला डबा कुठे गेला याचं उत्तर पुढची दहा वर्षं तिला द्यावं लागणार होतं. आणि मग ती पुस्तक मोठ्याने वाचायची, शिट्ट्यांसकट. वाचनालयाच्या पुढच्या दालनात वर्तमानपत्रं वाचत बसलेली म्हातारी मंडळी दचकून घड्याळाकडे बघायची.

“बाई, या इंजिनाला डोळे आहेत बघा,” विक्रेता गळ घालायचा. “हसतंय सुद्धा. हातोहात खपतंय.”

“खपू दे. इंजिन हसायला लागलं की पोरं त्याच्याच तोंडाकडे बघत बसतात. मग डब्यातली माणसं कुणी बघायची?”

डब्यातल्या माणसांवर तिचा भारी जीव. खिडकीत कुणीतरी हवं. डुलक्या काढणारा आजोबा, वेणी घालणारी बाई, नाक काचेला दाबून बसलेलं पोर. ज्या गाडीच्या खिडक्या रिकाम्या, ती तिच्या लेखी मालगाडी.

मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा बालवर्गात होते. आईला नर्सिंग शिकायचं होतं आणि त्यासाठी लांबच्या शहरात जाऊन राहायला हवं होतं. बाबांना ते पटलं नाही. घरात आधी आवाज चढले, मग कुणी कुणाशी बोलेनासं झालं, आणि एका सकाळी आई ट्रंक घेऊन गाडीत बसली. बाबा फलाटावर आलेच नाहीत. मी आत्याच्या कडेवर होते. आई खिडकीतून आत्याशी काहीतरी हळूच बोलली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “शिकून झालं की येते हं.” गाडी हलली. मी हात केला नाही, कारण मला वाटलं, मी हात केला नाही तर गाडी थांबेल.

बाबा म्हणाले, “गेली ती गेली.” मला कपड्यांच्या पिशवीसकट बहिणीच्या दारात सोडलं आणि कारखान्यात पाळीला निघून गेले. आत्या त्यांची सख्खी मोठी बहीण. रीतीप्रमाणे तिने भावाची बाजू घ्यायची. तिने माझी पिशवी आत नेली आणि माझ्यासाठी दूध तापत ठेवलं.

शाळा सुटली की मी वाचनालयात तिच्याजवळ बसायची. खिडकीकडे पाठ करून. त्या खोलीत गाडीकडे पाठ करून बसणं म्हणजे खरं तर कष्टाचंच काम होतं, पण मी भारी हट्टी. आत्याने एकेक पुस्तक पुढे केलं, मी एकेक कपाटाखाली सरकवलं. शेवटी तिने विचारलं, “काय बिनसलंय तुझं गाडीशी?”

“यातली गाडी परत येते का?” मी विचारलं.

आत्याने हातातलं पुस्तक पालथं केलं. गाडी डोंगरावर पोचली होती. दुसरं काढलं, त्यात ती प्राणिसंग्रहालयाशी थांबली होती. मग ती चक्क सतरंजीवर मांडी ठोकून बसली आणि कपाटातली सगळी पुस्तकं काढून शेवटची पानं बघत सुटली. जत्रा, बंदर, आजीचं गाव. एक गाडी तर थेट चंद्रावर जात होती. पण परतीची गाडी कुणी म्हणून छापलेली नव्हती. इतकी वर्षं शेवटची पानं बघणाऱ्या बाईच्या ही गोष्ट लक्षात कशी आली नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं असावं. त्या दिवशी पुस्तकं तशीच पसरलेली ठेवून तिने खोलीला कुलूप घातलं.

पुढच्या खेपेला विक्रेता आला तेव्हा तिने बॅग उघडण्याआधीच विचारलं, “परत येणारी गाडी आहे का?”

तो हसला. “बाई, गाडी काय, परत येतेच. पण त्याचं पुस्तक कोण काढणार? परत येण्यात कसली आलीय गंमत?”

“तुम्ही घरी कधी जाता?”

“महिन्यातून एकदा.”

“मग या खेपेला गेलात की बायकोपोरांना विचारा, गंमत असते की नाही ते.” त्या दिवशी तिने एकही पुस्तक घेतलं नाही. त्याला चहाही अर्धाच मिळाला.

आता बाइंडरबद्दल सांगायला हवं. वाचनालयाच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. खळ, पुठ्ठे, कापडाच्या पट्ट्या आणि दिवसभर गळा काढणारा रेडिओ. माणूस देवमाणूस, पण चित्त ठिकाणावर नसायचं. एकदा त्याने वकिलाच्या कायद्याच्या पुस्तकात भरतकामाची पानं शिवून दिली होती, आणि वकिलाच्या हे लक्षात यायला वर्ष गेलं, अशी गावात थट्टा होती. आत्या मात्र त्याची एक चूक खपवून घ्यायची नाही. पान तिरकं बसलं तरी पुस्तक परत जायचं.

या बाइंडरकडे पोरांचं सगळ्यात लाडकं पुस्तक दुरुस्तीला पडलं होतं. त्या पुस्तकात शब्द नव्हतेच. पानावर आकडेही नव्हते. पानभर चित्रं, प्रत्येक चित्रात तीच गाडी आणि गाडीच्या खिडकीत एक मुलगी. पोरांनी हाताळून हाताळून त्याची शिवणीकडची कड पार चिंध्या करून टाकली होती. बाइंडरने काय केलं असेल? ढीग उचलला, फाटकी कड बघितली, धड कड बघितली आणि रेडिओच्या तालावर धड कड शिवून टाकली. वर नवा पुठ्ठा चढवला. म्हणजे जे पान शेवटचं होतं ते झालं पहिलं, आणि पहिलं गेलं शेवटी.

आत्याने ते हातात घेतलं तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. नेहमीप्रमाणे तिने पुस्तक पालथं केलं. बघत राहिली. मग पुढून उघडलं, पुन्हा मागून. मला वाटलं, आता बाइंडरची धडगत नाही. त्याच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण तो काउंटरवरून वाकून बघत म्हणाला, “अरे देवा! उलटं झालं की हो, बाई. द्या इकडे, उसवून देतो.”

“राहू दे,” आत्या म्हणाली.

“अहो, पण...”

“राहू दे म्हटलं ना.”

तिने पुस्तक कपाटात ठेवलं नाही, घरी आणलं. संध्याकाळी मला मांडीवर घेऊन उघडलं. रात्रीचा समुद्र, वर चंद्र, काठाला उभी गाडी आणि खिडकीत मुलगी. मग पूल. मग डोंगर, बोगदा, शेतं. हळूहळू उजाडत जातं. आणि शेवटच्या पानावर सकाळचं एक छोटं स्टेशन, फलाटावर पिवळी छत्री घेतलेली बाई, आणि तिने हात वर केलाय.

“ही कोण?” मी विचारलं.

“घरचं माणूस,” आत्या म्हणाली. “न्यायला आलंय.”

मी ते पुस्तक किती वेळा पाहिलं याला गणती नाही. फक्त एक गोष्ट मला खटकायची. मुलीच्या हातात आधी सफरचंदाचा नुसता गाभा असायचा, मग ते अर्धं व्हायचं, आणि शेवटी अख्खं. मी आत्याला विचारलं, तर ती डोळ्यांची पापणी न हलवता म्हणाली, “गाडीत असं होतं.” मी विश्वास ठेवला. हळूहळू मी खिडकीकडे तोंड करून बसायला लागले. गावातून जाणारी गाडी कुठूनतरी निघून घरी चाललेली असते, हे आता मला ठाऊक होतं, आणि इतर पोरांनाही मी ते दटावून सांगायची.

आईचं शिक्षण संपायला बराच काळ लागला. मधे क्वचित कुणाबरोबर तरी तिची खुशाली कळायची. मग एक दिवस निरोप आला की ती येतेय. आत्याने कामाच्या दिवशी मुलांची खोली बंद ठेवली, असं पहिल्यांदाच घडलं. मी हट्ट धरला की छत्री हवीच. पिवळी नव्हती, तर काळी घेतली. ऊन नाही, पाऊस नाही, आणि आत्या फलाटावर छत्री उघडून उभी. हमाल हसत होते. सिग्नल पडल्यापासून मी जो हात वर केला तो खाली घेतला नाही. बाबाही आले होते, पण पार टोकाला, चहाच्या टपरीआड.

आई उतरली, छत्रीकडे बघत म्हणाली, “वन्सं, हे काय?”

“गप्प बस आणि पोरीला घे,” आत्या म्हणाली.

आईने मला उचललं. बाबा टपरीमागून येऊन मुकाट्याने ट्रंक उचलायला लागले. आत्या मात्र बाकावर बसली ती उठेचना. चष्मा काढून पुसत राहिली. मला वाटलं, छत्री धरून हात दुखला असेल.

हे सगळं पुन्हा आठवलं ते गेल्या आठवड्यात. माझ्या नातवाला गाड्यांचं वेड लागलंय म्हणून मी पुस्तकांच्या दुकानात गेले होते. तिथे ते पुस्तक दिसलं, नव्याने छापलेलं. माझा जीव सुपाएवढा झाला. आत्याच्या सवयीने मी ते पालथं करून उघडलं, तर समोर समुद्र. मी दुकानातल्या मुलीला ऐटीत सांगितलं, “अहो, हे चुकीचं बांधलंय.” बिचारीने दुसरी प्रत काढली, तिसरी काढली. सगळ्यांत समुद्रच. मग मी पुढून पानं उलटली आणि सफरचंद बघितलं. आधी अख्खं, मग अर्धं, मग गाभा. फलाटावरची बाई पहिल्याच पानावर होती. ती न्यायला आलेली नव्हती. ती निरोप देत होती. त्या दुकानात, एवढ्या वयात, मला रडू आलं.

आत्या आता फार थकलीय, पण डोकं शाबूत आहे. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते पालथं केलं, चष्मा सावरला आणि नाक मुरडलं. “अजून तिथेच उतरवतात होय?”

“म्हणजे तुला माहीत होतं!”

“चूक बाइंडरची. मी ती पदरात घेतली, एवढंच.”

“माझी समजूत काढायला?” मी म्हटलं. “पण आई तर येणारच होती ना? तीच तर म्हणाली होती.”

आत्याने समुद्राच्या चित्रावरून बोट फिरवलं. “तुला म्हणाली होती,” ती म्हणाली. “मला खिडकीतून म्हणाली, वन्सं, माझं काही खरं नाही. मी आले नाही तर हिला तुम्हीच सांभाळा.”

“आणि तरी तू मला रोज ते शेवटचं पान दाखवत होतीस?”

“तुला कशाला, तू काय, लगेच विश्वास ठेवलास. तू शाळेत गेलीस की मी एकटीच काढून बघत बसायचे.”

तिने पुस्तक मिटलं, मुखपृष्ठावर रुमालाचं टोक घासून रंग सुटतोय का बघितलं, आणि माझ्या हातात दिलं.

“दे नातवाला. त्याची आई संध्याकाळी घरी येते ना? मग त्याला समुद्रावर उतरवलं तरी चालेल.”