सैल गाठ

विष्णुपंत गेल्याचा निरोप घेऊन त्यांचे मेहुणे कसब्यातून सकाळीच दफ्तरात आले, तेव्हा मी बोरू तासत होतो. चाकू खाली ठेवायचंही सुचलं नाही... नजर गेली ती मागच्या फडताळाकडे. तिथे एका रुमालात विष्णुपंतांच्या भावाच्या सुटकेचा कागद बांधलेला होता. मीच बांधला होता.

अठरा वर्षं आम्ही दोघे एका बैठकीवर शेजारी बसून लिहीत आलो. मी नवा असताना कागदांचे रुमाल बांधायला त्यांनीच शिकवलं. "ज्या कागदात माणूस अडकलाय, त्याची गाठ सैल ठेवावी. एका बोटानं सुटली पाहिजे." तेव्हा मी हसलो होतो.

त्यांचा धाकटा भाऊ सखाराम दुसऱ्याच एका सखारामाच्या अपराधापायी किल्ल्यावर कैदेत पडला. चौकशीत नावाचा घोळ उघड झाला, श्रीमंतांच्या नावे सुटकेची आज्ञाही लिहून झाली. उरला होता फक्त अखेरचा शिक्का, मोर्तब. तेवढ्यात कारभारी बदलले. जुन्यांच्या वेळचा कागद नव्यांपुढे जो नेईल तो जुन्यांचा माणूस ठरेल, अशी कुजबुज दफ्तरात सुरू झाली. मोर्तबासाठी कागद पुढे ठेवायचं काम माझं. मी त्यावर 'पुढे विचार' असा शेरा मारला आणि रुमालाची गाठ घट्ट आवळली.

विष्णुपंत रोज विचारायचे, "काय हो, आमचा कागद उठला का?"

"आज मर्जी ठीक दिसत नाही."

"मर्जी ठीक असायचा दिवस पंचांगात देतात का? म्हणजे त्याच दिवशी विचारू."

ते कधी चिडले नाहीत. मलाच त्यांचा राग यायचा, मग स्वतःचा... पण कागद काही मी हलवला नाही. असे सात महिने गेले. तापात शेवटपर्यंत भावाचंच नाव घेत होते, असं मेहुणे म्हणाले.

तेराव्यानंतर मी तो कागद नेला. विचारलंच तर द्यायची उत्तरं घोकून ठेवली होती. कारभाऱ्यांनी तो वाचलाही नाही. दुसऱ्या कुणाशी बोलता बोलता मोर्तब केलं आणि माझ्याकडे सरकवला. सात महिने ज्याची धास्ती घेतली, त्याला विडा तोंडात टाकण्याइतकाही वेळ लागला नाही.

परवा सखारामपंत दफ्तरात आले. "दादा कुठे बसायचा?" मी जागा दाखवली. सारं सांगायचं ठरवलं होतं. "कागद माझ्याकडेच होता," एवढंच बाहेर पडलं. विष्णुपंतांच्या फळीवरचा एक रुमाल सखारामपंतांनी पुढे ओढला, गाठीला नुसतं बोट लावलं... ती सुटली.