मामाजींच्या गुडघ्याला तेलाचे तीन हात

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. अति हुशारी करून मी सासऱ्यांची काय गत केली, ते ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

माझं सिंदीला रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. सासुरवाडी हिंगणीची. यंदा चैत्रात धाकट्या साळीचं, प्राचीचं साक्षगंध होतं, साखरपुडाच हो, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच पोचलो. पाहतो तर मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, उजवा गुडघा टरबुजासारखा सुजलेला!

"उद्या खुर्चीवर बसा ना, मामाजी," मी म्हटलं.

"खुर्चीवर? पोरीच्या साक्षगंधात मी पाटावर मांडी घालून बसीन, नाई त बसणारच नाई!"

आली का पंचाईत? बापच बसला नाही तर पूजा कोण करणार? प्राची रडवेली झाली. पण पोरगी बायोकेमिस्ट्रीची एम.एस्सी., त्यामुळे रडतानाही शिकवते. जेवताना मला म्हणाली, सूज म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशी लढायला जमलेल्या असतात. त्यांना बोलावणारे बरेचसे निरोपे म्हणजे स्निग्ध पदार्थांचेच रेणू. काम झालं की शरीर दुसरे रेणू बनवतं, ते म्हणतात, 'झाली लढाई, जा आता घरी.' त्या दुसऱ्यांचा कच्चा माल मासळीत भरपूर आणि जवसात थोडाफार असतो म्हणे.

जवस! पुढचं मी ऐकलंच नाही. कशाला ऐकू? गिऱ्हाइकाला पोचवायचा जवसाच्या तेलाचा अख्खा डबा माझ्या गाडीत होता! सुतार लाकडाला मारतात ते बेल तेल हो. जवसाचंच की!

आता तुम्ही म्हणाल, मामाजींनी लावू कसं दिलं? अहो, जावई ना मी! जावयाला नाही म्हणायची सोय आहे का? सासूबाई पदर नाकाला लावून एवढंच म्हणाल्या, "वास लय उग्र आहे जी, जवाईबापू."

मामाजींनी त्यांनाच दटावलं. "चूप राह्य! जवाई करून राह्यले ना?"

मग काय! ओसरीवर उन्हात त्यांचा पाय पसरला आणि नव्या कोऱ्या ब्रशने एक हात मारला. दुकानदार माणूस मी, एका हातावर समाधान होतं का? तीन मारले. वरून धोतर सोडलं आणि ऐटीत म्हणालो, "हलू नका, जिरू द्या."

बेल तेल जिरत नाही. वाळतं! हे मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगत आलोय.

सकाळी हाक आली. "जवाईबापू, धोतर सुटून नाई राह्यलं!"

गुडघा, केस, धोतर, सगळं एकजीव. चमक तर अशी की मला क्षणभर अभिमानच वाटला. पण भोवतीची कातडी लालबुंद आणि पाय काही केल्या वाकेना. प्राचीने कपाळावर हात मारून घेतला.

"जिजाजी, मी खायच्या जवसाचं सांगून राह्यली होती! अन् त्यानंही एका रातीत काई होत नाई. पेशी घरी पाठवाच्या सोडून तुमी अजून बोलावल्या!"

शरमेने मेल्यागत झालं मला. खोबरेल चोळून चोळून धोतर निघालं, पण जाताना केसही घेऊन गेलं. खुर्चीचं नावही न काढणारे मामाजी शेवटी पाय ताठ ठेवून खुर्चीवर बसले आणि तिथूनच पूजा केली. पोरीसाठी बसले हो. चेहरा एवढासा झाला होता.

व्याह्यांनी मात्र दोनदा नाक वर करून हुंगलं. "नवीन फर्निचर केलं वाट्टे जी घरात?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मग व्याह्यांनीही माझ्याकडे पाहिलं. "हे मोठे जवाई ना? काय करते जी हे?"

मामाजी शांतपणे म्हणाले, "पॉलिश मारते. कोणतंई अंग असो, जवाईबापू मागं हटत नाई."

नवरदेवाने हळूच आपले दोन्ही पाय मांडीखाली ओढून घेतले.