वायरीचं भोक आणि जाईचा वेल

चोवीस वर्षं फौजेत वायरी ओढल्या. बर्फात ओढल्या, वाळूत ओढल्या, रात्री-बेरात्री ओढल्या. आणि घरच्या भिंतीत एक भोक पाडायचं, तर तेवढं मला धड पाडता आलं नाही. हे आज कबूल करतोय. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर त्याचं थोबाड रंगवलं असतं.

पेन्शनवर कुंडलला घरी आलो आणि पहिल्याच महिन्यात टीव्हीची छत्री गच्चीवर बसवली. वायर निजायच्या खोलीत आणायची होती. बायको म्हणाली, "आवं, शिडी लावून भायेरनं पाडा की भोक. स्टुलावरनं हात पुरंना झालाय तुमचा."

"तू मला वायर शिकवू नकोस. तव्यावरची भाकरी बघ."

आणि आतूनच, बुटक्या स्टुलावर उभा राहून, हात वर ताणून ड्रिल चालवलं. भोक तिरकं गेलं. बाहेरचं तोंड उंच, आतलं खाली. गच्चीवरून वायर सरळ खाली आणली, त्यात खुपसली आणि मिशीवर हात फिरवला.

त्याच भिंतीला बाहेरून जाईचा वेल होता. बायकोचं माहेर औंधचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा तिच्या आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून फांदी दिली होती. पुढं दोन वर्षांत आई गेली. मी कायम बाहेर. सुटीवर आलो की बघायचो, ही सकाळी तांब्या घेऊन वेलापाशी जायची आणि काहीबाही बोलत बसायची. माझ्याशी बोलायची त्याहून जास्त. खरं सांगतो, जळायचो मी त्या वेलावर.

पाऊस लागला आणि वायरीच्या भोकाभोवती ताटाएवढा डाग उठला. मग तो खाली पसरत कॉटच्या उशापर्यंत आला. रंग फुगला, पापुद्रे सुटले, अंथरुणाला कुबट वास यायला लागला. गवंड्याला दाखवू या, असं बायको दोनदा म्हणाली. गवंड्याला काय कळतंय! मी माझा निकाल देऊन टाकला.

"तुझा वेल भिंत खातोय. रोज तांब्या-तांब्या ओततेस, मुळ्या शिरल्यात आत."

नाचता येईना, अंगण वाकडं. पण ती ऐकणारी बाई. तिनं पाणी घालायचं बंद केलं. आख्खा उन्हाळा एक थेंब घातला नाही. वेल पार झडला. ती धुणं वाळत घालायला तिथनं जायची आणि मान फिरवून जायची. पाऊस आला, वेलाला पुन्हा पालवी फुटली, आणि भिंतीला पुन्हा ओल आली. मुळांची ओल असती तर खालून वर चढली असती. ही वरून खाली उतरत होती. आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं. मला दिसलं नाही, कारण मला तो वेल काढायचा होता.

श्रावणातली सकाळ होती. वेल कळ्यांनी भरला होता. मी कोयता घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "हिंगाची डबी आण."

ती पदराला हात पुसत आली. "का वं? पोटात दुखतंय व्हय? ताकात घालून देऊ का?"

"पोटाला नको. वेलाच्या बुंध्यात भरायचाय. नुसता तोडला तर पुन्हा फुटतो. हिंग घातला की मूळच मरतं."

ती उभी राहिली. मला वाटलं, आता भांडंल. भांडली असती तर कदाचित मी ऐकलंही असतं. पण ती आत गेली आणि डबी घेऊन आली. माझ्या हातात दिली. मी वेल तोडला, तिलाच म्हटलं, "धर ती फांदी, ओढ." तिनं ओढली. बुंध्याला खाच पाडून मी हिंग ठासला. ती खाली बसून तोडलेल्या वेलावरच्या कळ्या पदरात वेचत होती. मी म्हटलं, "पुरे झालं नाटक. चहा ठेव."

पुढं दोन महिने ती कामापुरतीच बोलली. ओल तशीच होती. मी म्हणायचो, आत मुरलेलं पाणी आहे, वाळायला वेळ लागणार.

उन्हाळ्यात घरात इंटरनेट घ्यायचं ठरलं. पलूसहून वायरमन आला, माझ्याच वयाचा, चष्मेवाला. भिंत बघितली, बाहेर जाऊन शिडीवर चढला आणि हसायलाच लागला.

"भोक कुणी पाडलं वो, साहेब? सगळा उतार आतल्या अंगाला हाय. पावसाचं पाणी वायर धरून सरळ तुमच्या खोलीत येतंय."

"गवंड्यानं पाडलं," मी म्हटलं. चोराच्या उलट्या बोंबा!

त्यानं जुनं भोक सिमेंटनं बुजवलं, आत वर आणि बाहेर खाली असं नवं पाडलं. दोन्ही वायरी भोकाच्या खाली लोंबतील अशा सोडून मग वर घेतल्या, म्हणजे पाणी त्या वळणावरूनच खाली गळून जातं. अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या भिंतीचं दुखणं..."

"चहात साखर कमी आहे," मी मध्येच ओरडलो. "जा, साखर आण."

चहा मी तोंडालाही लावला नव्हता. ती आत गेली, आणि मी वायरमनला डोळ्यानंच गप्प केलं.

त्या पावसाळ्यात भिंत खडखडीत कोरडी राहिली. मी काही बोलणार नव्हतो. पण जीभ गप बसंल तर ती माझी कसली! "बघ. सांगत नव्हतो? वेल गेला आणि ओल गेली."

तिनं भिंतीवरनं तळवा फिरवला. वर, खाली, पुन्हा वर. मग म्हणाली, "व्हय की वं. माझ्या आयेच्या येलानं लय तरास दिला तुमास्नी. आन् मीच रुसून बसले. चुकलं माझं."

आणि मी म्हटलं, "असू दे."

तेव्हा सांगायला काय धाड भरली होती? भ्यालो. भोकाला भ्यालो नाही, हिंगाच्या डबीला भ्यालो. आधी माझ्या पोटाची काळजी केली, आणि वेलासाठी हवी हे कळल्यावरही तिनं ती आपल्या हातानं आणून दिली होती.

यंदा औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो आणि तिच्या माहेरी जेवलो. मागच्या अंगणात तिच्या आईची जाई अजून आहे. निघताना भावजयीनं एक फांदी मोडली, फडकं ओलं करून गुंडाळली आणि हिच्यापुढं धरली. "वन्सं, न्या. आत्यांची हाय."

हिचे दोन्ही हात पुढं झाले. फडक्याला लागले. मग तिनं ते मागं घेतले.

"नको गं. आमच्या भिंतीला सोसत न्हाई," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं. "व्हय न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय."