मी बसवलेला देव

भिवंडीकडच्या अंबाडी गावाच्या पुढे, एका वाडीबाहेरच्या रानात, एक लहानसं देवस्थान आहे. ते मी स्थापन केलं. मुद्दाम नाही, चुकून. आणि त्यापायी माझ्या सासूबाईंची आयुष्यभराची इस्टेट बुडाली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी भिवंडीत कापड तपासायच्या कामावर होतो. लूमवरून ताका उतरला की तो टेबलावर पसरायचा, डोळे ताणून बघायचा आणि जिथे खोट दिसेल तिथे काठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे पुढच्या माणसाला शोधत बसावं लागत नाही. शिफ्टभर हेच. त्यामुळे माझ्या खिशात कायम लाल दोरे आणि चिंध्या असत. लग्नाच्या सदऱ्याच्या खिशातही एक निघाली होती. (खरं आहे, पण माझी बायको सुनंदा ते अजून चारचौघांत सांगते.)

लग्नाला वर्ष झालं आणि सुनंदा बाळंतपणासाठी माहेरी गेली. गौरी-गणपती आटोपल्यावर चार दिवसांची रजा काढून मी एसटीने तिच्या वाडीवर गेलो. नेमके अळंबीचे दिवस. रानातल्या ठरावीक वारुळांवर, वर्षातले ठरावीक दिवस, पांढऱ्याशुभ्र छत्र्या उगवतात, आणि दरवर्षी त्याच जागी. म्हणून त्या भागातला माणूस एक वेळ घरातली भांडणं सांगेल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. बायका अळंबी पानांखाली झाकून, मुद्दाम लांबच्या वाटेने घरी आणतात.

सासूबाईंची जागा त्यांना त्यांच्या सासूने दिली होती, तीही अगदी मरायला टेकल्यावर. सात-बारा सासऱ्यांच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर, म्हैससुद्धा सासऱ्यांचीच म्हणायची. ही एवढी एकच गोष्ट सासूबाईंची स्वतःची होती. आता त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि जागा पुढे कुणाला द्यायची हा प्रश्न होता. सुनंदाला आठवा महिना. सुनेला सांगावं, तर तिचं माहेर त्याच वाडीत, चार घरं सोडून. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला आमंत्रण. उरलो मी.

उजाडताच त्यांनी मला चहा दिला आणि चपला हातात घ्यायला सांगितल्या. आम्ही आधी ओढ्याकडे गेलो, मग तिथून परत फिरलो, मग दुसऱ्याच्याच बांधावरून रानात शिरलो. (चोरसुद्धा एवढं करत नसतील.) वाटेत एका कुजक्या ओंडक्यावर मला चांगली गुबगुबीत, चकचकीत छत्री दिसली. "मामी, सापडली," असं म्हणून मी हात पुढे केला. सासूबाईंनी काठीने ती उडवून लावली.

"ही खाल तं सुनंदाला कुकू पुसाय लागंल," त्या शांतपणे म्हणाल्या. त्यानंतर मी कशालाही हात लावला नाही.

एका ऐनाच्या झाडामागे ते वारूळ होतं. त्याच्या भोवती शंभर तरी छत्र्या उभ्या होत्या, धुवट कापडासारख्या पांढऱ्या. खरं सांगतो, मला भरून आलं. सासूबाई फतकल मारून बसल्या, मोठ्या मोठ्या अलगद उपटून टोपलीत ठेवल्या आणि बारक्या तशाच ठेवल्या.

"वाट नीट बघून ठेवा, जावयबापू," त्या म्हणाल्या. "फुडल्या साली माज्यानं येनं व्हनार न्हाय. तुमी नि सुनंदा येयाचं. पोराला पन दाखवायची."

मी शब्द दिला. पण मला रानातलं एक झाड दुसऱ्यापासून ओळखता येत नव्हतं, आणि पुढच्या वर्षी ऐन, साग, पळस असं काही आठवेल ही आशा नव्हती. तेव्हा मी लघवीचं निमित्त करून मागे थांबलो आणि माझ्या धंद्यातला उपाय केला. वारुळात एक काटकी रोवली, तिला लाल चिंधी बांधली. काटकी हलायला लागली म्हणून जवळच पडलेला एक छान गुळगुळीत धोंडा आणून बुडाशी टेकवला. हाताची माती झाडायला दोन्ही तळवे एकमेकांवर घासले. मग खूण सगळ्या बाजूंनी दिसते का ते बघायला वारुळाभोवती तीन चकरा मारल्या. काम चोख झालं होतं.

दुपारी अळंबीचा रस्सा आणि भाकरी. दुसरी भाकरी मोडतोय तोच शेजारची हिराबाय दारात उभी. सासूबाईंनी पातेलं पायाने खाटेखाली सारलं. हिराबाय सकाळी लाकडं गोळा करायला रानात गेली होती.

"पावनं सकाली वारुलापाशी काय करीत व्हतं?" तिने विचारलं. "लाल निशान लावलं, हात जोडलं, फेऱ्या मारल्या. म्यां सोता बघितलं."

घरात रश्शाचा वास दाटला होता. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत एवढंच होतं की खरं बोललात तर पुन्हा ह्या घरात पाय ठेवू नका. आता वारुळावर निशाण लावायला अळंबी सोडून दुसरं कारण कोणतं? एकच.

"स्वप्न पडलं होतं," मी म्हणालो.

"कोन आलं व्हतं?"

"नाग." (वारूळ म्हटल्यावर दुसरं कोण येणार!)

"काय बोलला?"

इथे मी माझी सगळी अक्कल पणाला लावली. नागाने सांगितलं की इथे कुणी फिरकू नका, मला त्रास होतो. म्हणजे जागेला कायमचा पहारा! सासूबाईंनीही पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने बघितलं. हिराबाय गेली आणि आम्ही पातेलं पुन्हा बाहेर काढलं.

देवाने फिरकू नका म्हटलं की माणसं मुद्दाम पाय वळवून तिथेच जातात, हे मला तोवर माहीत नव्हतं. संध्याकाळी पंधरा बायका हळदीकुंकू आणि नारळ घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी कुणी भोवती दगडांचं कडं केलं, कुणी माझ्या चिंधीच्या जागी चांगला हातभर झेंडा लावला. माझ्या धोंड्याला शेंदूर लागला. आणि तिसऱ्या दिवशी वाडीने ठरवलं की दृष्टान्त ह्यांच्या जावयाला झालाय, तर पहिला मान ह्यांच्या म्हातारीचा.

आम्ही सगळे वाजतगाजत गेलो. सासूबाईंनी राखून ठेवलेल्या बारक्या अळंब्या एव्हाना टरारून वर आल्या होत्या. नागाने स्वतःवर छत्र धरलंय, असं कुणीतरी म्हणालं आणि बायकांनी एकेका छत्रीवर हळद-कुंकू वाहिलं. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. म्हातारीचा भाव बघा, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. ते पाणी कशाचं ते मला ठाऊक होतं. मला मान वर करवेना. सासूने सुनेला देत आणलेली जागा माझ्या हातात आली आणि तीन दिवस टिकली नाही, ह्याची लाज मला अजून वाटते.

सासूबाईंनी बोलणं टाकलं. मुलगी झाली, बारसं ठरलं, तोवर त्यांचा माझ्याशी एक शब्द नाही. बारशाच्या दिवशी मला लाडू वाढताना त्या थांबल्या.

"तुमी खोट दिसली का दोरा बांधता ना?" त्यांनी विचारलं. "माज्या जागंत काय खोट दिसली तुमाला?"

मी लाडू खाल्ला नाही.

पण रागाला औषधाचा गुण असतो. पुढच्या भाद्रपदात म्हातारी गुडघे विसरून महिनाभर रान तुडवत होती आणि तिने नवी जागा शोधून काढली, देवस्थानाच्याही पलीकडे. आता लपतछपत जायची गरज राहिली नाही. टोपली घेऊन, चपला घालून, हिराबायला हाक मारून "देवाला जातो" म्हणून सांगायचं आणि निघायचं. सासूबाई, सुनंदा आणि आमची मुलगी पुढे रानात शिरायच्या. मला वारुळापाशी मांडी घालून, डोळे मिटून बसवायच्या, म्हणजे कुणी आलंच तर घरचे पूजेला आलेत अशी खात्री पटावी. नवी जागा कुठे आहे असं मी एकदा मुलीला गोडीगुलाबीने विचारून बघितलं. सहा वर्षांच्या त्या पोरीने आजीची शपथ आहे म्हणून सांगितलं आणि वर माझी तक्रारही केली.

असाच एकदा डोळे मिटून बसलो असताना पावलं वाजली. कुणीतरी आलं, बराच वेळ काहीतरी पुटपुटलं आणि गेलं. डोळे उघडून बघतो तर वारूळ बाजूलाच राहिलेलं, आणि केळं बरोबर माझ्या मांडीपुढे ठेवलेलं, त्यावर कुंकवाचं बोट. मी इकडेतिकडे बघितलं आणि केळं खाल्लं. अळंबी शिजायला अजून दोन तास होते, आणि भूक काय, देवालाही लागते.