आभारांच्या यादीतलं खोडलेलं नाव

तेरा डिसेंबर २००४. वर्षाअखेरची तपासणी तोंडावर आली होती आणि मी मुद्देमाल खोलीत बसून कोयते, सायकली आणि देशीच्या बाटल्यांवरच्या गळून पडलेल्या चिठ्ठ्या नव्याने चिकटवत होते. खळ आटून घट्ट झाली होती. ती पातळ करायला गरम पाणी मागवलं, हात पुसले, तेवढ्यात ठाणे अंमलदार दारात आला.

"मॅडम, सरकारी दवाखान्यातून फोन आहे. अकरा वर्षांची पोरगी बेशुद्ध आणलीय. डॉक्टर म्हणतात पोलिसांना कळवणं भाग आहे. आई काही वेगळंच सांगून राहिली."

मी तेव्हा हिंगोलीत उपनिरीक्षक होते. बाईची किंवा लेकराची भानगड आली की कागद माझ्या टेबलाकडे सरकायचा. पुढे नोकरीत खून, दरोडे सगळं पाहिलं. पण कोणी नोकरीतला एक प्रसंग सांगा म्हटलं की मला त्या सकाळची खळ आठवते.

दवाखान्यात पोरगी खाटेवर पडलेली होती. श्वास लांब आणि जोरात चालला होता, धावून आल्यासारखा. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मुलीला लहानपणापासूनचा मधुमेह. रोज इन्सुलिनची सुई लागते. ती चार दिवस बंद होती.

आई खाली भिंतीला टेकून बसली होती. गोरेगावच्या पलीकडच्या वस्तीवरची, घरी मेंढरं. मी तिच्यासमोर बसले.

"सुई काहून बंद केली?"

"डॉक्टरसायबानं सांगितलं."

"कोणत्या?"

"मोठ्या. औरंगाबादच्या. हिंगोलीला भाषण झालं तवा मीच पोरीला घेऊन गेलते. टेजवर बसले व्हते ते. शाल घातली त्यायला, नारळ दिला. मंग गुरुवारी आमच्या वस्तीवर आले. म्हनले, बाई, रोज टोचून टोचून लेकराचं रगत पातळ करून राहिली तू. ही भुकटी दे अन् सुई फेकून दे."

"आणि फेकलीस?"

"न्हाई. सुईची बाटली रांजणापाशी वल्या वाळूत पुरून ठेवली हाय. तितंच ठेवतो आमी, थंड ऱ्हाते. फेकवंना."

म्हणजे या बाईला शंका आली होती. ती शंका कशाने मोडली, ते मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं.

"फोटू दाखवला त्येनं, शाल घातलेला. टेजवर बसेल माणूस खोटं काहून बोलंल, म्याडम?"

तिने कमरेची बाटली काढून दिली. तपकिरी भुकटी, बाटलीवर काही लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी ती उजेडात धरून पाहिली आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरीचं उद्या सकाळपर्यंत कळेल. पण तुम्ही घाई करा. हा माणूस एकाच घरी गेला नसणार. ज्यांनी इन्सुलिन बंद केलंय त्यांच्याकडे फार दिवस नाहीत."

तपासाचं काम एवढं स्पष्ट क्वचितच असतं. माणूस शोधायचा, त्याच्याकडून घरं काढायची, आणि तेही अंधार पडायच्या आत.

ते भाषण शहरातल्या एका सेवाभावी क्लबने ठेवलं होतं. क्लब चांगला होता, हे आधीच सांगते. नेत्रशिबिरं, शाळांना बाकं, उन्हाळ्यात पाणपोई. त्या वर्षी ते रुग्णवाहिकेसाठी मदत गोळा करत होते. रांगोळी स्पर्धा झाली, गाण्यांचा कार्यक्रम झाला आणि शेवटी औरंगाबादच्या नामवंत डॉक्टरांचं मधुमेहावर व्याख्यान. सोबत साखरेची मोफत तपासणी. प्रवेशिका गावोगाव गेल्या होत्या. बाजाराचा दिवस आणि सकाळची वेळ मुद्दाम ठेवली होती, म्हणजे खेड्यातल्या बायांना येता यावं. शहरातले डॉक्टर त्या वेळी आपापल्या दवाखान्यात होते. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

अध्यक्ष बियाण्यांचे व्यापारी. दुकानात गेले तर उठून उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही कशाला आलात, मीच आलो असतो. ए, चहा सांग."

चहा नको म्हणून मी प्रकार सांगितला. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे अरे. कोणीतरी भामटा डॉक्टरसाहेबांच्या नावावर फिरून राहिला. साहेब एवढे मोठे, ते वस्तीवर जातील का?"

बोलणं पटण्यासारखं होतं. मी सवयीने पुढे विचारलं, "डॉक्टर कसे आले होते?"

"गाडीने. पांढरी गाडी."

"जेवले इथेच?"

"हो, माझ्या घरी."

"आणि चालक?"

"चालक... आठवत नाही बुवा."

आमच्या भागात पाहुण्याचा चालक उपाशी गेला तर यजमानाला वर्षभर बोलणी खावी लागतात. चालकाने किती पोळ्या खाल्ल्या हेसुद्धा घरात लक्षात असतं. या गृहस्थांना चालक होता की नव्हता हेच माहीत नव्हतं.

ठाण्यात येऊन मी औरंगाबादला फोन लावला. डॉक्टर बाहेर होते, संध्याकाळी भेटतील असं त्यांच्या दवाखान्यातून सांगितलं. संध्याकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. क्लबचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना कार्यक्रमाची फाइल घेऊन बोलावलं. शिक्षकाची फाइल कशी असते ते मला ठाऊक होतं. एकही कागद फेकलेला नसतो.

तसंच निघालं. निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमाचा क्रम, टाइप केलेला पाहुण्यांचा परिचय, आणि सचिवांच्या हातचं आभाराचं भाषण. मी ते पंचनाम्यासारखं वाचत गेले. मंडपवाल्याचे आभार. माईकवाल्याचे. हॉल झाडून दिला त्यांचे. प्यायचं पाणी भरणाऱ्या बाईंचे, नावासकट. मधलीच एक ओळ शाईने खोडलेली. कागद खिडकीकडे धरला. साखर तपासायचं यंत्र आणणाऱ्या माणसाचं नाव होतं.

"गुरुजी, पाणी भरणाऱ्या बाईसुद्धा सुटल्या नाहीत. मग हे एकच नाव का खोडलं?"

"ते... ऐनवेळी आले नाहीत."

"मग पोरीचं बोट कोणी टोचलं? आई म्हणते साखर तिथेच तपासली."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले.

"गुरुजी, एक पोरगी दवाखान्यात बेशुद्ध आहे."

"आभार मानता येत नव्हते हो मॅडम," ते एकदम म्हणाले. "पाहुणे म्हणून बसले होते ना ते. ज्याला आत्ताच शाल घातली त्याचेच यंत्र आणलं म्हणून आभार मानायचे, हे कसं दिसलं असतं?"

खोलीत रायटर बसला होता. त्याचं पेन थांबलं. मी त्याला लिही म्हणून खूण केली.

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी सकाळीच डॉक्टरांचा फोन आला होता, येता येत नाही म्हणून. हॉल भरलेला. बाया भाकरी बांधून आल्या होत्या. समोर मदत देणारे बसलेले. कार्यक्रम रद्द केला तर रुग्णवाहिकेचं काय, या धास्तीने अध्यक्षांनी यंत्रवाल्याला गाठलं. तो पूर्वी कुठेतरी कंपाउंडर होता, बोलायला चांगला. "अर्धा तास बसा, चार शब्द बोला, वेळ निभावून न्या." परिचय टाइप करून तयारच होता. तो तसाच वाचला गेला. हॉलमध्ये शहरातला एकही डॉक्टर नव्हता, त्यामुळे कोणी ओळखलं नाही. टाळ्या पडल्या. त्यानंतर पदाधिकाऱ्यांनी याबद्दल तोंड उघडायचं नाही असं ठरवलं.

"तो राहतो कुठे?"

"कनेरगाव नाक्याला. फोटो त्याच पत्त्यावर पाठवला." गुरुजी खाली बघत म्हणाले. "प्रत्येक पाहुण्याला फ्रेम करून पाठवतो आम्ही. रीतच आहे आमची."

जीपने आम्ही दुपारी नाक्यावर पोचलो. ढाब्यामागची खोली. तो बाजेवर बसून दाढी करत होता. भिंतीवर खिळा होता, पण फोटो तिथे नव्हता. तो पिशवीत होता, फिरतीवर न्यायला फ्रेमसकट कापडात गुंडाळलेला. शाल नीट घडी करून उशाशी ठेवलेली. खाटेखाली रिकाम्या बाटल्या आणि भुकटीचा डबा. पंचांच्या सह्या घेऊन आम्ही त्याला ठाण्यात आणलं.

तो घाबरलेला नव्हता. खुर्ची द्या म्हणाला.

"मी कुठं म्हणलो डॉक्टर हाय म्हणून? त्यायनं म्हणलं. माईकवर म्हणलं. शेहरातली बडी माणसं टाळ्या वाजवून राहिली व्हती. मी काय करू?"

"वस्तीवर फोटो घेऊन कोण गेलं?"

"फोटो त्यायनंच दिला. कलम कोणतं लावता, ते सांगा आधी."

मी हात उचलला नाही. हात उचलला की माणूस मार थांबवण्यापुरतं बोलतो, आणि मला खोटी गावं परवडणारी नव्हती. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"कलमं मी लिहीन. तुम्ही घरं सांगा. आज ती पोरगी जिवंत आहे तोवर एक कलम आहे. ती गेली तर दुसरं. आणखी कोणी गेलं तर तिसरं. तुमच्या बाजूने मला एकच गोष्ट लिहिता येईल, विचारल्याबरोबर नावं सांगितली. ती लिहायची वेळ आता चालू आहे."

तो घड्याळाकडे बघत राहिला. बाहेर अंमलदार फोनवर कोणाशी तरी बोलत होता. त्या आवाजाने याची नजर दाराकडे गेली.

"पोरीचा फोन हाय का तो?"

मी घड्याळ त्याच्याकडे सरकवलं. फोन कोणाचा, मलाही माहीत नव्हतं.

"लिहा," तो म्हणाला.

नऊ घरं निघाली. काही गोरेगावकडची, काही सेनगावची, दोन वाशीम रस्त्यावरची. त्यातल्या चौघांना त्याने इन्सुलिन बंद करायला सांगितलं होतं. शेवटी तो म्हणाला, "बाजारात ज्यायला बाटल्या इकल्या त्येंची नावं मला काय ठाऊक? पिशवी रिकामी व्हईस्तोर इकल्या."

आरोग्य खात्याची माणसं सोबत देऊन आम्ही जीपा सोडल्या. सेनगावच्या एका म्हाताऱ्याकडे मी स्वतः गेले. पाय सुजलेले, तोंडाला कोरड. सुई घ्या म्हटलं तर माझ्यावरच उखडला. "टेजवरच्या माणसाला चोर म्हणून राहिल्या बाई तुमी? पोलिसायचं काय, आज याला धरतेत, उद्या त्याला." सून रडायला लागली तेव्हा कुठे त्याने दंड पुढे केला. बाकीच्या घरीही थोड्याफार फरकाने हेच झालं. दिवस मावळेपर्यंत नऊच्या नऊ घरं सापडली. बाजारातल्या बाटल्या मात्र कोणाच्या फळीवर होत्या, देव जाणे. आणि माझ्या खाकीचं कोणी ऐकत नव्हतं.

परतले तेव्हा औरंगाबादच्या डॉक्टरांचा निरोप येऊन पडला होता. ते हिंगोलीला आलेच नव्हते. तो कागद घेऊन मी तशीच अध्यक्षांच्या दुकानात गेले. दुकान बंद करायची वेळ होती.

"मॅडम, त्याला आत टाका, आमची काही हरकत नाही. पण आमचं नाव कशाला? रुग्णवाहिका पुढच्या महिन्यात येतेय. क्लब मोडेल हो."

"बाजारात गेलेल्या बाटल्या कोणाच्या घरी आहेत, ते मी कसं शोधू?"

"पोलिसांनी दवंडी द्यावी."

"माझी दवंडी ऐकत नाहीत लोक. आजच बघून आले. शाल तुमच्या हाताने घातलीय, आता सांगायचंही तुम्हीच."

"उद्या बघू," असं म्हणून त्यांनी शटर ओढलं.

पुढे खटला उभा राहिला, त्या भुकटीवाल्याला शिक्षाही झाली. पण मी शिकले ते क्लबकडून. बदमाश माणूस आपलं खोटं सांभाळून असतो, त्यामुळे ते कुठे शोधायचं हे कळतं. चांगली माणसं चांगल्या कामासाठी वेळ निभावून नेतात, विसरून जातात, आणि ते खोटं त्यांच्या नावाची इभ्रत घेऊन मोकळं फिरतं. त्यानंतर कुठल्याही समारंभाच्या भानगडीत मी पाहुण्यांचा परिचय वाचायच्या आधी आभाराचा कागद मागून घेत असे. खरी माणसं तिथे असतात. आणि लोकांना मी कधी भोळे म्हटलं नाही. त्या आईने सुई वाळूत जपून ठेवली होती. व्यासपीठाने तिला गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी दवाखान्यात गेले. पोरगी डोळे उघडून भांडत होती, भाकरी पाहिजे म्हणून. आईने इन्सुलिनची बाटली वस्तीवरून मागवून घेतली होती. तिच्यावरची वाळू ती पदराने पुसत होती.

तिथून भोंगा लावलेली जीप घेऊन मी अध्यक्षांच्या दारात उभी राहिले. ते बाहेर आले. रात्रभर झोपले नसावेत.

"हॉलमध्ये सभा घेतो मी, मॅडम."

"हॉलमधल्या बाया आपापल्या गावी आहेत."

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "जा. मी असते तर कालच गेले असते."

गोरेगावच्या चौकात मी माईक त्यांच्या हातात दिला. भोंगा किंचाळला, माणसं वळली. त्यांनी घसा साफ केला आणि सवयीने सुरुवात केली, "सन्माननीय व्यासपीठ..." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थांबले.

"तो माणूस डॉक्टर नव्हता," ते म्हणाले. "आम्हाला माहीत होतं. आम्ही खोटं सांगितलं. त्याची भुकटी कोणी घेऊ नका. तुमचं पहिलं औषध आजच सुरू करा."

मग बांगड्यांच्या दुकानापाशी उभी असलेली एक बाई पुढे आली. तिने पिशवीतून तपकिरी भुकटीची बाटली काढली आणि जीपच्या बॉनेटवर ठेवली. मी खिशातून मुद्देमालाची कोरी चिठ्ठी काढली आणि तिचं नाव विचारलं.